गालातला दम

भूल देणाऱ्या डॉक्टरने तुमच्या तोंडात रबरी नळी देऊन "फुंका" म्हटलं, तर छातीतून फुंका. गालातून फुंकू नका. एवढं एक सांगण्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो आहे. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी माझी हरकत नाही.

बाकीचं मी माझ्यासाठी लिहितोय म्हणा. मी दिगंबर, अंबडचा सोनार. बाजारात एक चिंचोळं दुकान होतं, ते आता बंद आहे. पूर्वी दिवसभर मांडी घालून डोरली, एकदाण्या, बोरमाळा घडवायचो. आता दिवसभर मांडी घालून श्वास घेतो. त्या एका कामातच दिवस मावळतो.

खडे

तीर्थपुरीला एका लग्नघरी दागिने पोचवायला गेल्तो. त्यांनी आग्रह करकरून भजी-जिलेबी खाऊ घातली. हातात सुपारी घेतली, आणि उजव्या बरगडीखाली कोणीतरी पक्कड लावून पिळायला लागलं. कळ पाठीतून वर खांद्यापर्यंत. मी त्यांच्या ओट्यावर लोळलो हो, चारचौघांत. एका म्हातारीने माझ्यावरून मीठ-मोहऱ्यासुद्धा उतरवून टाकल्या.

जालन्याला सोनोग्राफी झाली. सर्जननी पडद्यावर बोट ठेवलं. "पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. सात-आठ तरी दिसताहेत."

"खडे?" माझी बायको मंगल म्हणाली. "जल्मभर दुसऱ्याच्या अंगठीत खडे बसवले, आता सोताच्या पिशवीत भरून ठिवले व्हय?"

तिला हसू आलं, मलाही आलं. त्या दिवसाचं हसू तेवढंच. सर्जन म्हणाले, पिशवी काढावी लागेल. एक तर बरगडीखाली वीतभर चिरून, नाही तर दुर्बिणीतून. दुर्बीण तेव्हा आमच्याकडे नवीनच आल्ती. चार लहान भोकं, आठवड्यात माणूस कामाला.

"आणि चिरलं तर?" मी विचारलं.

"तीन महिने पोटावर जोर द्यायचा नाही."

माझा सगळा धंदाच पोटावर जोर देऊन फुंकण्याचा. पुढे लग्नसराई होती. शिवाय पायाने दाबायच्या भात्याची यंत्रं गावात आली होती, नवी पोरं त्याच्यावर काम करत होती. तीन महिने बसलो असतो तर गिऱ्हाईक परत आलं नसतं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, दुर्बीणच.

सर्जननी नीट समजावलंही होतं, खोटं कशाला बोलू. बंद पोटात सगळं एकमेकांना चिकटून असतं. दुर्बिणीला हलायला जागा नसते. म्हणून आत गॅस भरून पोट तंबूसारखं वर उचलतात. पण गॅस जसा पोट वर उचलतो, तसा छातीखालचा पडदाही वर ढकलतो, आणि फुफ्फुसांना पसरायला जागा कमी पडते. धडधाकट माणूस ते तास-दीड तास सहन करतो. "म्हणून तुमचा दम आधी तपासून घेतो आम्ही," ते म्हणाले.

दम तपासणार म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. सोनाराचा दम तपासणार!

गावी आल्यावर शेजारचा शिंपी रफिकभाई शिलाई मशीनवरून ओरडला, "क्या सोनारभाई, जिंदगीभर तुम फूंके, अब डॉक्टर लोगां तुमकू फुगाते बोलके सुन्या!" आख्खी गल्ली हसली. मीपण हसलो.

बाकनळी

हे समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सोन्याचा बारीक सांधा जोडायचा तर दिव्याची ज्योत त्या एका ठिपक्यावर धरून ठेवावी लागते. त्यासाठी तोंडात बाकनळी असते, टोकाला वाकलेली वीतभर पितळी नळी. फुंक मध्येच तुटली की ज्योत हलते, सांधा बिघडतो, कधी दागिनाच वितळून गोळा होतो. पण माणूस श्वास घेतल्याशिवाय किती वेळ फुंकणार? म्हणून जुना सोनार गालात हवा साठवतो. गाल दाबून ती नळीतून सोडत राहायची आणि त्याच वेळी नाकाने गुपचूप नवा श्वास घ्यायचा. बघणाऱ्याला वाटतं, हा बाबा श्वासच घेत नाही.

वडिलांनी मला हे पितळी वाटीत शिकवलं. वाटीत पाणी, पाण्यात गव्हाची पोकळ काडी. फुंकत राहायचं. बुडबुडे थांबले की डोक्यात टपली. वर्षभर टपल्या खाल्ल्या, मग बुडबुडे थांबायचे बंद झाले.  दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतःची बाकनळी माझ्यापुढे ठेवली.

तीस वर्षं त्या नळीवर काढली. दिव्याचा धूर, तेजाबाची वाफ, वरून दिवसाला एक बिडीबंडल. शेवटच्या दोन वर्षांत दुकानाच्या तीन पायऱ्या चढलो की मी खिसे चाचपत उभा राहायचो, किल्ली सापडत नाही असं दाखवत. किल्ली हातातच असायची. धाप ओसरली की कुलूप उघडायचं. दुकानात बसलं, गालाचं काम सुरू झालं, की सगळं बराबर. ज्योत हलायची नाही. त्यामुळे मला वाटायचं, कुठे काय झालंय मला! आणि वाटायचं, मंगलला काही पत्ता नाही.

पारा

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या होत्या. बोलणं मऊ. मंगल बाजूच्या स्टुलावर बसली होती.

"काका, पायऱ्या चढताना धाप लागते?"

"बिलकुल न्हाई."

"बिडी, तंबाखू?"

"बिडी... कधीमधी."

मंगल हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिली.

बाईंनी बीपीचं पाऱ्याचं यंत्र घेतलं, दंडाला बांधायचा पट्टा काढला आणि रबरी नळीचं टोक पुसून माझ्या तोंडात दिलं. "फुंकून पारा चाळीसवर न्या आणि धरून ठेवा. जमेल तेवढा वेळ. मी घड्याळ बघते."

मी काय केलं असेल? तीस वर्षं नळी तोंडात आली की जे करत होतो तेच केलं. मुद्दाम केलं का? पहिल्या फुंकरीला नाही. दुसऱ्या श्वासाला मला कळलं होतं की मी काय करतोय. कळूनही मी थांबलो नाही, ही माझी चूक. पारा चाळीसवर गेला आणि खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. बाईंनी घड्याळ बघितलं, पारा बघितला, यंत्राला टिचकी मारली. मिनिट उलटलं. त्यांनी सिस्टरला हाक मारली, "अहो, हे बघायला या!"

मग म्हणाल्या, "बस, बस काका! तरण्या माणसांना एवढं जमत नाही."

"सोनार हाये बाई मी. आमचा धंदाच फुंकायचा," मी छाती काढून म्हणालो.

"मग तर काळजीच मिटली," असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. दोन वर्षं मी स्वतःच्या दमाला भीत होतो, आणि आज एक शिकलेली डॉक्टरीण त्याचं कौतुक करत होती. तिला फसवता फसवता मीच फसलो. ती म्हणते म्हणजे दम असेलच, असं मला खरोखर वाटायला लागलं.

बाहेर जिन्यात मंगल थांबली. "त्यांला सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं?"

"काही न्हाई. चला." आणि ती माझ्या पुढे न जाता माझ्या चालीने एकेक पायरी उतरायला लागली.

बाटली

दवाखान्यात एक रीत होती. ऑपरेशन झालं की निघालेले खडे लहान बाटलीत घालून पेशंटला द्यायचे. वॉर्डात प्रत्येकाच्या उशाशी एक बाटली. भेटायला आलेल्यांना ती हलवून दाखवायची, कुणाचे काळे, कुणाचे पिवळे, कुणाचा लिंबोळीएवढा एकच. मला टेबलावर न्यायच्या आधी मी मंगलला सांगून ठेवलं होतं, "बाटली सांभाळ. घरी गेल्यावर काट्यावर तोलू. किती तोळे भरतात बघू."

जागा झालो तो तिसरा दिवस होता, हे नंतर कळलं. घशात जाड नळी, हात पलंगाला पट्टीने बांधलेले. एक मशीन भस्-भस् करत मला श्वास देत होतं. मी घ्यायच्या आधी ते द्यायचं, मी सोडायच्या आत पुन्हा द्यायचं. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या दागिन्यात फुंकर घातली, आणि आता कोणीतरी माझ्यात घालत होतं. मी घाबरलो. लहान लेकरू घाबरतं तसा घाबरलो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. आवाज निघेना. मी मंगलकडे बघून बोटांनी बाटलीचा आकार केला.

ती खिडकीकडे बघायला लागली.

मी पुन्हा बोटं दाखवली.

"बाटली न्हाई," ती म्हणाली. "ऑपरेशन झालंच न्हाई."

मी पोटाकडे बोट केलं. चार पट्ट्या होत्या की!

"भोकं पाडली नुस्ती. आतलं आतच हाये."

गंमत म्हणजे पोट फारसं दुखत नव्हतं, खांदा दुखत होता. सिस्टर म्हणाली, उरलेला गॅस पडद्याखाली राहतो, त्याची कळ खांद्याला येते. मंगल तासन्‌तास तो खांदा चोळत बसायची. ऑपरेशनचं मला मिळालं ते एवढंच.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या आणि मंगलच्या स्टुलावर बसल्या. चेहरा उतरलेला. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गॅस भरला तसं पोट वर आलं आणि मशीनला माझ्या छातीत हवा ढकलता येईना. त्यात तो गॅस रक्तात उतरतो, तो फुफ्फुसांनी बाहेर टाकायचा असतो, ते माझ्या फुफ्फुसांना झेपेना. त्यांनी सर्जनला दाब कमी करायला सांगितला. दाब कमी केला की पोट खाली बसायचं, दुर्बिणीला जागा उरायची नाही. पुन्हा वाढवला तर माझं हृदय मंद पडलं.

"त्यांना जागा दिली की तुमचा श्वास जात होता काका, आणि तुम्हाला श्वास दिला की त्यांची जागा जात होती. शेवटी गॅस सोडून दिला. चिरायचीही हिंमत झाली नाही."

एका घरात दोन भाऊ राहतात, एकाने मधली भिंत सरकवली की दुसऱ्याची खाट मावत नाही. माझ्या घरात दुसऱ्या भावाची, फुफ्फुसांची, खोली आधीच गेलेली होती, आणि ते फक्त मला माहीत होतं.

"मला कळतच नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा दम मी स्वतः मोजला होता. माझंच काहीतरी चुकलं असणार." 

मी बोलायला हवं होतं. नळीने घसा सोललाय, बोलता येत नाही, हे कारण चार दिवस पुरलं. पाचव्या दिवशी आवाज आला, तरी मी बोललो नाही. आजही मला सगळ्यात जास्त लाज त्याच दिवसाची वाटते.

घर

रफिकभाई बघायला आला. या खेपेला त्याने थट्टा केली नाही. पोटावर काही घासू नये म्हणून समोरून उघडी, बिनगुंडीची मऊ बंडी शिवून आणली होती. माप न घेता शिवलेली, तरी बराबर बसली. "आराम करो," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. असा माणूस असावा शेजारी.

महिन्याने दुकान उघडलं. दिवा लावला, बाकनळी तोंडात धरली. गाल तेच होते, पण गालांना पुरवायला खालून हवा येईना. ज्योत एकदा लांब झाली, दोनदा थरथरली आणि बसली. समोर एका नवरीचं डोरलं होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत वितळून गोळा झालं. त्या दिवशी मी कुलूप लावलं, आणि या वेळी किल्ली खरंच सापडेना, कारण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

खडे आत होतेच. दर पंधरा-वीस दिवसांनी कळ यायची. तेल बंद, तूप बंद. मंगल बिनफोडणीची भाजी करायची आणि स्वतःही तीच खायची. एकदा मी ताट भिरकावून दिलं. "जनावर हाये का मी?"

तिने भाजी भरली, फरशी पुसली. "किती दिस असं आरडून राह्यले," ती म्हणाली. "आरडायला दम पुरतो, खायला न्हाई?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कळ आली तेव्हा मुकाट्याने पाठीला गरम पिशवी लावून बसली.

मग डोळे पिवळे झाले. अंबडचे डॉक्टर म्हणाले, एक खडा पित्ताच्या नळीत अडकून सुटलाय, पुढच्या वेळी सुटला नाही तर जीव जाईल. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात जा.

औरंगाबाद

जालन्याची फाईल मी ट्रंकेखाली सरकवून ठेवली. मंगलला म्हणालो, सापडत नाही. ती "बरं" म्हणाली.

तिथल्या सर्जननी पोटावरचे चार व्रण बघितले. "हे काय?"

"मशीन बिघडलं म्हणून अर्ध्यात सोडलं," मी सांगितलं.

"दुर्बीण नको. चिरून काढू. दम चांगला असेल तर."

भूल देणारे डॉक्टर या खेपेला वयस्कर गृहस्थ होते. त्यांनीही पाऱ्याचं यंत्र पुढे ओढलं, नळीचं टोक पुसलं. "चाळीसवर धरायचं."

आता मी मुद्दाम करणार होतो. साफ ठरवून. टेबलावर मेलो तर झोपेत मरेन, त्या कळांनी तरी नाही, आणि जगलो तर खडे बाहेर. नळी तोंडात घेतली, गाल भरले. पारा चढला आणि चाळीसवर उभा राहिला. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. दहा. वीस. त्यांच्या भुवया वर गेल्या. जालन्याच्या बाईंच्या गेल्या होत्या तशाच.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मंगल उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही तळहातांनी माझे गाल धरले. घट्ट. हातांना स्टँडवर घेतलेल्या केळ्यांचा वास येत होता.

"आता फुंका," ती म्हणाली.

पारा खाली कोसळला. मी छातीतून होता नव्हता तेवढा जोर काढला. पारा चौदापर्यंत आला, थरथरला, आणि मी तीन मोजायच्या आत खाली बसला. मला खोकल्याची उबळ आली.

"डागदर साहेब," मंगल म्हणाली, "ह्यांचा दम हा एवढाच हाये. बाकीचा गालातला हाये." आणि तिने जालन्याचं सगळं सांगून टाकलं, मशीन बिघडलं नव्हतं तेही.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. मग विचारलं, "बाई, जालन्याला ही तपासणी झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथंच होते. बाजूला बसले होते."

"मग?"

"यांचा चेहरा इतका खुलला होता..." ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. बावीस वर्षांच्या संसारात तिला असं परक्यासमोर रडताना मी पहिल्यांदा बघितलं. दुकानाच्या तीन पायऱ्या, खिशातली किल्ली, सगळं तिला पहिल्यापासून माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, गॅस भरून नाही आणि चिरूनही नाही. एवढ्या दमावर टेबलावरून परत आणता येणार नाही. गोळ्या लिहून दिल्या. एक व्यायाम सांगितला, पाण्यात नळीने फुंकायचं, रोज. "दम वाढला तर बघू," म्हणाले, पण ते म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

एसटीने अंबडला आलो. स्टँडवर उतरल्यावर धाप टाकत बाकावर बसलो आणि म्हणालो, "मरू द्यायचं होतं मला तिथंच."

"मरायचं तर घरी मरा," मंगल म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर. त्या पडद्यामागं न्हाई." मग तिने पिशवीतलं केळं सोलून माझ्या हातात दिलं.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना मी पत्र टाकलं. चूक तुमची नव्हती, मी गालांनी फुंकलं, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या तो दवाखाना सोडून गेल्या म्हणे. पत्र त्यांना मिळालं की नाही कोण जाणे. म्हणून ते इथे पुन्हा लिहिलं.

वाटी

वडिलांची ती पितळी वाटी मंगलने माळ्यावरून काढून घासली आहे. रोज सकाळी ती वाटीत पाणी घेते, पाण्यात सलाइनच्या नळीचा तुकडा सोडते, समोर बसून दोन्ही हातांनी माझे गाल धरते आणि म्हणते, "हं." मी छातीतून फुंकतो. ती बुडबुडे मोजते. थांबले की टपली मारत नाही, तोंड पुसते.

काल सात आले होते. आज सहा.